तिसरं कॉइल

जानकीबाई परबांनी भरलेलं कॉइल पाच वर्षांत एकदाही परत आलं नव्हतं. चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये हे कुणीही सांगितलं असतं, पण बाई ते स्वतःच सांगायच्या. दुसरा सांगतो तेव्हा काहीतरी कमीच सांगतो, असा त्यांचा अनुभव होता.

स्पीकरच्या पोटात कागदाची एक नळी असते. तिच्यावर तांब्याची बारीक तार वेढ्याला वेढा चिकटवून गुंडाळलेली असते. ते कॉइल. कुणी उत्साही माणूस झेपेल त्याहून जास्त आवाज सोडतो, कॉइल जळतं, स्पीकर खरखरतो आणि गप्प होतो. असे गप्प झालेले स्पीकर बाईंकडे यायचे. बाई जळकं कॉइल खरवडून काढायच्या आणि छोट्या हातयंत्राचं हँडल फिरवत नवं भरायच्या. प्रत्येक वेढा मोठ्यानं मोजायच्या. शाळा दुसरीपर्यंतच झालेली, सही करताना अजून जीभ बाहेर यायची. पण मोजण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं.

ब्याऐंशीच्या संपात बाईंचा नवरा काशीराम कामाला होता ती गिरणी बंद पडली ती पडलीच. बावीस वर्षं मागखात्यात उभा राहिलेला माणूस घरी आला तो जवळजवळ बहिरा होऊन. बाईंनी काही महिने वाट पाहिली. मग कांदिवलीत स्पीकर बनवणाऱ्या एका कारखान्यात नाव घातलं, पोरींच्या वयाच्या बायकांत बसून काम शिकल्या, सहा महिन्यांत त्यांच्या पुढे गेल्या, आणि मालकाशी कडाक्याचं भांडून यंत्र घरी घेऊन आल्या. परळची खोली विकून चारकोपच्या नव्या सेक्टरमध्ये दोन खोल्यांचं घर बांधलं ते त्या यंत्राच्या जोरावर. मुलगा नंदू बोरीवलीला एका गॅरेजच्या आडोशाला गाड्यांमध्ये डेक आणि स्पीकर बसवायचा, तोही आईच्याच नावावर.

घराची पुढची खोली बाईंची. खिडकीशी बाक, बाकावर यंत्र, तारेची रिळं, डिंकाची वाटी, पितळी तराजू आणि काट्याचं जुनं मीटर. खिडकीसमोर अजून कुणी घर बांधलेलं नव्हतं. रेतीचे ढीग, त्यापलीकडे उंच गवत, मग कांदळवन. दुपारी गोराईच्या खाडीवरून वारा यायचा, त्याला चिखलाचा वास असायचा. परळच्या चाळीत चोवीस तास कुणी ना कुणी ओरडत असे. इथे दुपारी इतकं शांत व्हायचं, की कुणीतरी मुद्दाम तोंड दाबून बसलंय असं वाटावं. बाईंना त्या शांततेचा राग यायचा. म्हणून त्या आणखी मोठ्यानं मोजायच्या.

अठ्ठ्याऐंशीच्या फेब्रुवारीत श्यामकांत देवस्थळी आपली पांढरी फियाट घेऊन दारात आले. बोरीवलीला राहणारे, एका विमा कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. मेहुण्यानं दुबईहून ॲम्प्लिफायर पाठवलेला. डिकीत लाकडाचा मोठा खोका, त्यात बारा-बारा इंची दोन वूफर. दोन्हींची कॉइलं जळलेली.

"बाई, पुस्तकात स्पष्ट लिहिलंय," देवस्थळी चष्मा वर करत म्हणाले, "ॲम्प्लिफायरला चार ओहम पाहिजे. चारच्या खाली गेलं की तो तापणार."

"पुस्तक तुमच्यापाशी ठेवा, साहेब. मला ॲम्प्ली दाखवा."

बाईंना ओहमची गोष्ट पुस्तकातून कळलेली नव्हती, टाकीवरून कळली होती. टाकीला एक नळ लावला की जेवढं पाणी जातं, त्याच्या दुप्पट दोन नळांतून जातं. नळ वाढले की टाकीवर ओढ वाढते. एक कॉइल आठ ओहमचं. अशी दोन कॉइलं शेजारी शेजारी जोडली की ओढ दुप्पट, आणि मीटरवर आकडा निम्मा. चार. बरोब्बर ॲम्प्लीला हवा तेवढा. तिसरं जोडलं तर पावणेतीन, आणि ॲम्प्लीची वाट लागली. मीटर म्हातारं होतं, आकडा जरा कमीच दाखवायचं. तेवढं बाई मनात धरून चालायच्या.

आठ-आठची दोन कॉइलं दोन दुपारी भरून झाली. बाईंनी दोन्ही वूफर बाकावर जोडून पाहिले. काटा चारवर आला आणि खिळा ठोकल्यासारखा उभा राहिला.

आठवड्यानं देवस्थळी परत आले. सोबत वूफर गाडीत बसवून दिलेला नंदू होता आणि त्याचा चेहरा पडलेला.

"तीन फ्यूज उडाले, बाई," देवस्थळी म्हणाले. माणूस सभ्य होता, आवाज चढवला नाही. तेच बाईंना जास्त लागलं. "ॲम्प्लिफायरवर हात ठेववत नाही."

"आई, मी मीटर लावून बघितलं," नंदू पुटपुटला. "पावणेतीन दाखवतंय."

"तुझ्या मीटरला डोळे आले असतील."

"तुझं आण मग. एखादं कॉइल कमी भरलं गेलं असेल ना? होतं कधी कधी."

"कुणाचं होतं?" बाई म्हणाल्या. "माझं होतं? मेल्या, तुझी मुंज केली नसेल, पण तुला जेवायला ह्याच हातांनी घातलंय!"

देवस्थळींनी खाली बघितलं. बाईंनी मीटर उचललं आणि पदर खोचून सरळ गाडीच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या. एक वूफर सुटा करून मोजला. आठ. दुसरा मोजला. आठ. नंदूनं दोन्ही तारा परत जोडल्या. काटा चारवर यायला पाहिजे होता. तो चार ओलांडून पुढे गेला आणि पावणेतीनवर थांबला.

बाईंनी दोन्ही वूफर खोक्यातून काढायला लावले, घरात बाकावर आणून जोडले. चार. परत गाडीत नेऊन जोडले. पावणेतीन.

"म्हणजे गाडीत कुठेतरी तिसरा बसलाय," बाई म्हणाल्या. "आठचाच. साहेब, कुणाकडून मागे काही बसवून घेतलं होतंत?"

"छे हो. आधी नुसता डेक होता."

नंदूनं मागची सीट काढली. दारांची अस्तरं काढली, छताचं कापड उसवलं. ॲम्प्लीपासून डिकीपर्यंत गेलेली वायर बोटाबोटानं तपासली. तिला कुठे फाटा नव्हता, कुठे जोड नव्हता.

एवढ्यात काशीराम बाहेर आला. त्याला ऐकू येत नव्हतं, पण दारात गाडी उघडीनागडी पडलेली दिसली तर माणूस येणारच. नंदूनं नवा फ्यूज घालून डेक चालू केला. खोका घुमायला लागला. काशीरामनं डिकीच्या पत्र्यावर तळवा ठेवला. मागखात्यात असताना तो खांबाला हात लावून सांगायचा, किती माग चालू आहेत आणि किती बंद. त्या खात्यात कानांचा उपयोग नसतो.

"तीन चलतत," तो म्हणाला.

बाईंनी त्याच्या डोळ्यांसमोर दोन बोटं नाचवली. "दोनच आहेत! दोन!"

"तीन," काशीराम शांतपणे म्हणाला. "तिसरो जरा लांब आसा."

फ्यूज उडाला. खोका गप्प झाला. काशीरामनं हात मात्र थोडा उशिरा उचलला.

त्या दुपारी दोन्ही वूफर ठेवून घेऊन देवस्थळींची गाडी गेल्यावर बाईंनी तारेचं रीळ तराजूत टाकलं. कारखान्यात तार वजनावर मिळायची, तेव्हापासूनची सवय. प्रत्येक काम संपलं की रीळ तोलायचं. ह्या खेपेला देवस्थळींची घाई म्हणून राहून गेलं होतं. एका कॉइलला वीस ग्रॅम तार जाते. दोनांना चाळीस. रीळ साठ ग्रॅमनं हलकं भरलं.

बाईंनी तीनदा तोललं. मग तराजूची दोरी झटकून परत तोललं.

साठ.

आता बाईंच्या डोक्यात सगळं नीट बसलं. कुणीतरी ह्याच यंत्रावर, ह्याच तारेतून तिसरं कॉइल भरलंय. कुणाच्या तरी मदतीनं ते गाडीत दडवलंय. का? म्हातारीचा हात आता चालत नाही, असं गावभर व्हावं म्हणून. म्हातारीनं बाक सोडावा आणि दुसरीनं त्यावर बसावं म्हणून.

घरात दुसरी एकच होती. मालन. नंदूची बायको. लग्नाला दोन वर्षं झालेली, आवाज असा की ती घरात आहे हे भांड्यांवरून कळायचं. मागच्या दिवाळीत तिनं एकदाच म्हटलं होतं, "आई, मलाही शिकवा ना कॉइल." बाईंनी उत्तर दिलं नव्हतं, पण लक्षात ठेवलं होतं.

"तार कुठाय?" बाईंनी स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून विचारलं.

मालन पीठ मळत होती. "कसली तार?"

"वीस ग्रॅम. वीस ग्रॅममध्ये बाईमाणसाची अब्रू जाते, माहीत आहे ना? माझी घालवायची होती, स्वतःची गेली."

"मी तारेला हात लावलेला नाही. तुमच्या गळ्याशपथ."

"माझ्या गळ्यावर तर टपलीच आहेस."

मालनच्या हातातलं पीठ तसंच राहिलं. "घरात मी एकटीच असते का, आई?"

"म्हणजे? सासऱ्यावर आळ घेतेस? कान गेले म्हणून त्या माणसाला चोर केलंस?"

मालननं तोंड उघडलं, बाईंकडे बघितलं आणि मिटलं. परत पिठात हात घातला. बाईंना ते मिटलेलं तोंड कबुलीसारखं वाटलं.

संध्याकाळी नंदूशी कडाक्याचं वाजलं. बाईंनी सांगून टाकलं, येत्या रविवारी हिचा भाऊ येईल आणि हिला घेऊन जाईल. माझ्या घरात चोर आणि मी एका छपराखाली राहणार नाही. मालनचा भाऊ कुंडलिक मुलुंडला राहायचा. बाईंनी कोपऱ्यावरच्या वाण्याच्या फोनवरून त्याच्या ऑफिसात निरोपही ठेवला.

"आणि तिची चूक नसली तर?" नंदूनं विचारलं.

"ते मी मीटरलाच विचारते. तुला कशाला विचारू?"

बाईंनी सापळा लावला तो असा. ह्या वेळी आठची कॉइलं भरायचीच नाहीत. बारीक तार घ्यायची, वेढे वाढवायचे आणि सोळा-सोळाची दोन भरायची. दोन सोळा जोडले की आठ होतात. गाडीत मीटरनं आठ दाखवलं, तर गाडीत काही नाही. चार दाखवलं, तर चोराचं ते आठचं कॉइल अजून गाडीतच आहे. "आणि मग मी ती गाडी पत्र्यापत्र्यानं सोलीन," बाई नंदूला म्हणाल्या.

"आणि तिसरंच काहीतरी दाखवलं तर?"

"तिसरं काय दाखवणार?"

नंदूनं लॅमिंग्टन रोडवरून बारीक तारेचं नवं रीळ आणलं. बाईंनी सील तोडायच्या आधी ते तोललं. गुरुवारी आणि शुक्रवारी, दोन्ही दिवस, सकाळीच मालनला शेजारच्या राधाकडे पाठवलं, तिच्या पापडांच्या कामाला. नंदू बोरीवलीला कामावर. काशीराम मागच्या खोलीत झोपलेला. पुढचं दार आतून बंद, मधलं दार बंद. काम झालं की रीळ पेटीत, पेटीला कुलूप, किल्ली कमरेला.

दोन दुपारी बाईंनी कॉइलं भरली. बारीक तार, डोळ्यांना दिसते न दिसते. हँडल हळू फिरवायला लागतं. तार रिळावरून सुटताना सळसळ करते, पानावरून पाल गेल्यासारखी. बाहेरून चिखलाचा वास येत होता. बाई मोजत होत्या.

शुक्रवारी शंभराच्या पुढे कुठेतरी त्यांनी घाम पुसायला हँडल थांबवलं. सळसळ थांबायला पाहिजे होती.

ती थोडी उशिरा थांबली.

बाईंनी खिडकीकडे बघितलं. गवत हलत होतं. वारा, त्या स्वतःशी म्हणाल्या. पदरानं कपाळ पुसलं आणि थांबल्या होत्या त्या आकड्याच्या पुढून मोजायला लागल्या. आवाज नेहमीपेक्षा चढा लावला होता, हे त्यांचं त्यांनाच जाणवलं. कॉइल संपलं तेव्हा बाकाची पलीकडची कड त्यांना कोमट लागली. उन्हानं, असं त्यांनी ठरवलं. ऊन त्या कडेला येत नव्हतं.

कॉइलं सोळाची भरली होती, बरोब्बर सोळा. रीळ त्यांनी तोललं नाही. रविवारी सगळ्यांसमक्ष तोलायचं ठरलं होतं. असं त्यांनी स्वतःला सांगितलं.

रविवारी सकाळी दहाला देवस्थळींची फियाट आली. कुंडलिक त्याआधीच येऊन खाटेवर अवघडून बसला होता. जाडजूड, मिशाळ माणूस, पण बाईंसमोर त्याचे हात गुडघ्यांवरून हलत नव्हते. मालनची पत्र्याची पेटी भरून दाराशी ठेवलेली. ती स्वतः आतल्या खोलीत भिंतीशी उभी होती. रडत नव्हती. रडली असती तर बाईंना सोपं गेलं असतं.

"मावशी, एकदा शांतपणे बोलूया का?" कुंडलिक म्हणाला.

"बोलायचं काही नाही. मीटर बोलेल. तू बस."

नंदूनं दोन्ही वूफर खोक्यात बसवले, तारा जोडल्या. बाईंनी मीटरच्या दोन टोकांनी तारा धरल्या. सगळे वाकले. काटा हलला.

आठवर थांबला नाही. चारवर गेला नाही.

सव्वापाच.

"सव्वापाच कसं होईल?" देवस्थळींनी चष्मा काढून पुसला.

नंदूच्या ओठांची हालचाल झाली. मनात गणित करताना तो लहानपणापासून तसं करायचा. "तीन सोळा," तो म्हणाला. "तीन सोळा जोडले की सव्वापाच होतात, आई."

बाईंच्या लक्षात ते त्याच्या आधी आलं होतं. गाडीत जुनं आठचं कॉइल दडवलेलं नव्हतं. जे होतं ते सोळाचं होतं. आणि सोळाची कॉइलं ह्या घरात गुरुवार-शुक्रवारखेरीज कधी भरलेली नव्हती.

"रीळ आण," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "राहू दे. मीच आणते."

आत जाऊन त्यांनी पेटीचं कुलूप काढलं. रीळ तराजूत ठेवलं. खोलीत कुणी नव्हतं, तरी त्यांनी पाठ वळवून तोललं.

तीन कॉइलांची तार गेलेली होती.

त्या बाहेर आल्या. कुणी काही विचारायच्या आत म्हणाल्या, "नंदू, पक्कड आण. मोठी. आतल्या खोलीत असेल." नंदू गेला. "साहेब, तुम्ही सावलीत बसा." देवस्थळी कुंडलिकशेजारी जाऊन टेकले. गाडीपाशी बाई उरल्या, आणि पत्र्याला टेकून उभा असलेला काशीराम.

बाईंनी स्वतःच्या हातांनी एक वूफर सोडवला आणि जमिनीवर पालथा ठेवला. दुसरा सोडवला. तो पहिल्याशेजारी ठेवला. खोक्याला आता दोन रिकामी भोकं होती, आणि त्यातून दोन नागड्या तारा लोंबत होत्या. कशालाही न जोडलेल्या.

त्या तारांना त्यांनी मीटरची टोकं लावली.

काटा जागचा हलायला नको होता.

तो सोळावर आला.

बाईंनी टोकं काढली. तारा फडक्यानं पुसल्या. परत लावली.

सोळा.

कॉइल भरून स्पीकरमध्ये बसवलं, की बाई त्याच्या पडद्यावर दोन्ही अंगठे ठेवून हलकेच दाबून बघतात. कॉइल आत कुठे घासत नाही ना, ते त्यानं कळतं. मीटर लावलेलं असेल, तर प्रत्येक दाबाला काटा जरासा उडतो. कारखान्यात कुणी असं करत नसे. ही बाईंची स्वतःची पद्धत.

सोळावरचा काटा उडाला. स्थिर झाला.

परत उडाला.

बाईंनी जमिनीकडे बघितलं. दोन्ही वूफर पालथे पडलेले होते. त्यांना कुणी हात लावलेला नव्हता.

काटा तिसऱ्यांदा उडाला. सावकाश. आपलं काम नीट झालंय ह्याची खात्री करून घेणाऱ्या माणसासारखा.

काशीरामचा तळवा डिकीच्या पत्र्यावर होता. डेक बंद होता. गाडी बंद होती.

"आता एकच चलता," तो म्हणाला.

बाईंनी मीटर बंद केलं.

नंदू पक्कड घेऊन बाहेर आला तेव्हा आई दोन्ही हात कमरेवर ठेवून सरळ उभी होती. तिच्या कपाळावर घाम होता, पण ऊनही होतं. "ही वायर तोड," ती म्हणाली. "सगळी ओढून काढ. तुकडा ठेवू नकोस."

"पण सापडलं काय?"

बाईंनी खाटेकडे बघितलं. कुंडलिक उठून उभा राहिला होता. आतून मालन दारापर्यंत आली होती आणि पेटीच्या कडीला हात घालून वाकली होती. सगळे बाईंच्या तोंडाकडे बघत होते. पहिलं रीळ कमी भरलं हे सगळ्यांना ठाऊक होतं. तार कुणीतरी वापरली होती, आणि ह्या घरात यंत्रावर बसू शकेल असं मालनखेरीज दुसरं कुणी नव्हतं. बाई गप्प राहिल्या, तर ती पेटी उचलली जाणार होती.

"चूक माझी झाली," जानकीबाई म्हणाल्या.

नंदूच्या हातातली पक्कड खाली आली.

"तार मीच जास्त घातली. मोजणीत गफलत झाली. दोन्ही खेपेला. कॉइलं चुकीची भरली गेली, म्हणून मीटर असं बोलतंय. मालनचा ह्याच्याशी काही संबंध नाही." त्या एका दमात बोलल्या, पाठ केल्यासारख्या. "कुंडलिक, तुला उगाच हेलपाटा पडला. पेटी आत ठेव तिची."

"आई, पण बाकावर तर प्रत्येक कॉइल..."

"नंदू, मी सांगतेय ना!"

देवस्थळी पुढे आले. भला माणूस. "असू दे हो, बाई," ते म्हणाले. "वय झालं की व्हायचंच. मनाला लावून घेऊ नका."

पाच वर्षांत असं बोलण्याची कुणाची छाती झाली नव्हती. बाईंनी मान हलवली. "दुसरीकडून भरून घ्या, साहेब. चांगला माणूस बघा."

वायर ओढून काढलेली फियाट रिकामा खोका आणि दोन्ही सुटे वूफर घेऊन गेली. कुंडलिक पोहे खाऊन, सुटल्यासारखा हसत, बहिणीच्या डोक्यावर हात ठेवून निघाला. नंदू त्याला बसपर्यंत सोडायला गेला. काशीराम आडवा झाला. घर परत शांत झालं.

बाई स्वयंपाकघरात पाटावर बसल्या होत्या. पुढच्या खोलीत त्या गेल्या नव्हत्या. मधलं दार त्यांनीच ओढून घेतलं होतं.

मालननं स्टोव्ह पेटवला. दोन वर्षांत प्रथमच तिच्या चेहऱ्यावर मोकळेपणा होता. तिनं चोरून सासूकडे बघितलं, मग धीर केला.

"आई, एक विचारू? रागावणार नाही ना?"

"विचार."

"त्या बाईंना काढलंत का कामावरून? तार त्यांच्याच हातून गेली ना? तुम्ही त्यांची चूक स्वतःवर घेतलीत, कळलं मला."

बाईंनी मान वर केली. "कुठल्या बाई?"

"बाकाच्या पलीकडे बसून कॉइल भरतात त्या. मला वाटलं कारखान्यातली कुणी ओळखीची ठेवलीत मदतीला. तुम्ही कधी काही बोलला नाहीत, मग मी कशी विचारणार? त्या दिवशी सांगणार होते, तर तुम्ही मामंजींचं काढलंत." मालन पातेल्यात पाणी ओतत होती, तिचं सासूकडे लक्ष नव्हतं. "हे देवस्थळींचं काम आल्यापासून मी आपली दुपारी तुमच्या कपाशेजारी त्यांचाही कप ठेवायचे. तुम्ही मोजण्यात गुंगलेल्या, तुमचं बघणंसुद्धा व्हायचं नाही. त्यांचा कप रिकामा मिळायचा. हात चांगला आहे हो त्यांचा. तुमच्याबरोबरच मोजतात, पण एक आकडा पुढे. त्यांचं कॉइल तुमच्या आधी संपतं."

पाण्याला आधण यायला लागलं.

"गुरुवार-शुक्रवारी मी राधाताईंकडे होते," मालन एकदम थांबून म्हणाली. "मग त्यांना चहा कुणी दिला?"

"मी दिला," जानकीबाई म्हणाल्या.

मालनला बरं वाटलं. तिनं डब्यातून साखर काढली. मधल्या दाराकडे हनुवटीनं खूण करून तिनं हळूच विचारलं, "मग आज? आल्यात ना त्या. यंत्र चालू आहे."

बाई ऐकत राहिल्या. मग पदर सावरून भिंतीला टेकल्या.

"टाक त्यांचा," त्या म्हणाल्या. "आणि माझ्या आधी नेऊन दे."